उजाडण्याआधीचे जन्म

"सूर्य उगवत नाही तोवर दिवस कालचाच असतो, बाळा. तू मंगळवारचा. बुधवार तुझ्या मागून आला."

अम्मा हे बोलली तेव्हा शेषगिरी सात वर्षांचा होता. शाळेच्या दाखल्यावर आपला वार बुधवार आणि घरात सगळे मंगळवार म्हणतात, हे कसं, असं विचारायला तो चुलीशी गेला होता. अम्मा ओल्या लाकडावर फुंकर घालत होती. डोळ्यांत धूर, हातात फुंकणी, आणि बोलणं मात्र एखादी ओवी म्हणावी तसं सावकाश. त्याला आता बावन्न सरली. अम्माला जाऊन वीस वर्षं झाली. आणि तो आवाज आज सकाळी अकरा वाजता, तंजावूरच्या एका हॉटेलातल्या थंडगार हॉलमध्ये, तीनशे माणसांच्या गर्दीत त्याच्या कानाशी येऊन बसला.

व्यासपीठावर वादिराज नावाचा बंगळूरचा तरुण बोलत होता. गळ्यात टाय, कॉलरला माइक, आणि बोलण्यात नव्या चपलेची करकर. त्याच्या मागे भलं मोठं कापड ताणलेलं होतं : डेव्हलपर्स कॉन्फरन्स, १९९७. ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर इथली सगळी मंडळी आपापले प्रोग्रॅम लिहीत, ती कंपनी दरवर्षी मद्रासला हा मेळा भरवायची. यंदा पहिल्यांदाच ती कावेरीकाठी आली होती. दारात प्रत्येकाला एक पिशवी, एक पेन आणि छातीवर लावायची चिठ्ठी मिळाली होती. शेषगिरीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'शेषगिरी राव, डेव्हलपर'. अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून म्हणून काढलेल्या माणसाच्या छातीवर ते नाव परक्याचा सदरा घातल्यासारखं दिसत होतं.

सकाळपासून वादिराजने दोन घोषणा केल्या होत्या. नवी आवृत्ती विंडोजवर, माऊसने चालणार, आणि दोन हजार साल उजाडलं तरी तिला तारखांचा घोळ होणार नाही. दोन्ही वेळा टाळ्या झाल्या. आता तो तिसरी सांगत होता. तुमच्या जुन्या फ्लॉप्या ही आवृत्ती उघडेल. नुसती उघडणार नाही, तर जुन्याच माहितीवर सगळं गणित पुन्हा मांडेल. जुनं उत्तर डावीकडे, नवं उजवीकडे, आणि दोघांत फरक पडला की तिथं लाल.

हॉल टाळ्यांनी भरून गेला. शेषगिरीचे हात मांडीवरच राहिले. जुनी उत्तरं. त्याच्याही घरी होती, लोखंडी कपाटात, सात वर्षांची. पण ती कपाटात आहेत, किल्ली आपल्या खिशात आहे, असं त्याने स्वतःला समजावलं आणि खिसा चाचपला. किल्ली होती.

चहाच्या वेळी सुब्रमण्यम भेटला. हा त्याचा जुना मित्र. एका खाजगी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक त्याच्या प्रोग्रॅमवर चालायचं. तो तमिळमध्ये म्हणाला की या लाल रंगाने आपल्या सगळ्यांची अब्रू जाणार, माझ्या जुन्या फायलींत एका माणसाचं अपेंडिक्स दोनदा काढलेलं आहे. आजूबाजूचे हसले. शेषगिरीही हसला.

तेवढ्यात हरिप्रिया आली. ही त्याच्या थोरल्या बहिणीची, नागलक्ष्मीअक्काची मुलगी. एकतीस वर्षांची, सडसडीत, जिभेला धार. जुन्या बसस्टँडजवळच्या एका संस्थेत मुलांना कंप्युटर शिकवायची, आणि स्वतः ती तो शिकली होती मामाच्या मांडीला मांडी लावून, मामाच्याच मशीनवर.

"मामा, एक सांगू? रागवायचं नाही."

तिने सांगितलं ते असं. महिन्यापूर्वीच्या रविवारी तो तिरुवैयारूला गेला होता, तेव्हा कपाट उघडंच राहिलं होतं. तिने त्याचा कुंडलीचा प्रोग्रॅम आणि सात वर्षांच्या सगळ्या फायली फ्लॉपीवर उतरवून घेतल्या आणि बंगळूरला पाठवून दिल्या. कंपनीला तो फार आवडला. जेवणानंतर ते तोच प्रोग्रॅम सगळ्यांसमोर चालवून दाखवणार होते. उत्तम ठरला तर कंपनीच्या सीडीवर जाणार, गावोगाव, दहा हजार घरांत.

"तुमचं नाव येणार, मामा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर सह्या केल्यात. का बोलत नाही? थंडी वाजूलाली का?"

"सरी," तो म्हणाला. तमिळमधलं ते होकाराचं उत्तर त्यांच्या सगळ्यांच्याच तोंडी असायचं. आणि त्याने पुन्हा खिशातली किल्ली चाचपली.

त्या कपाटात काय होतं हे जगात एकालाच ठाऊक होतं.

मराठे राजांच्या काळापासून तंजावूरला राहिलेल्या या घरांत दिवस मध्यरात्री बदलत नसे. तो सूर्याबरोबर बदलायचा. पहाटे साडेचारला जन्मलेलं मूल आदल्या दिवसाचं. वहीत तसंच लिहायचं, तोंडीही तसंच सांगायचं. शेषगिरी त्याच वहीत वाढला. म्हणून एकोणनव्वद साली, कचेरीतल्या मशीनवर संध्याकाळी बसून, कुंडलीचा प्रोग्रॅम लिहिताना त्याने एक ओळ घातली : जन्म सूर्योदयाआधीचा असेल तर तारीख एकाने पुढे घ्यावी. म्हाताऱ्या माणसांसाठी ती ओळ बिनचूक होती. त्यांची तारीख खरोखरच एकाने मागे असायची. पण जी मुलं इस्पितळात जन्मली, त्यांची तारीख नर्सबाईने घड्याळ पाहून लिहिलेली. ती आधीच बरोबर होती. त्याच्या ओळीने तिला आणखी एक दिवस पुढे ढकललं. आणि चंद्र तर दिवसाला एक नक्षत्र चालतो. बाळ एका नक्षत्रावर जन्मलं, कागद दुसऱ्या नक्षत्राचा निघाला.

ही चूक दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. त्यासाठी अम्माच्या चुलीशी बसून वाढायला हवं होतं.

हरिप्रिया मोठ्या इस्पितळात जन्मली, पहाटे चार चाळीसला. नव्वद साली तिच्यासाठी तिरुवैयारूचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर नदीकाठी, मंडळी मनमिळाऊ. पत्रिका तेवढी मागितली. मामाच्या नव्या मशीनवरून निघालेल्या पहिल्या काही पत्रिकांत तिची होती. प्रिंटरने किरकिरत अक्षरं उमटवली : आश्लेषा. आश्लेषेची सून सासूच्या जिवावर येते, हे तमिळ आणि मराठी दोन्ही घरांना पाठ. त्या सासूबाईंनी पानसुपारीचं ताट कपड्याने झाकून परत पाठवलं.

अक्का तेव्हा म्हणाली होती, की अरे, आपल्या ज्योतिषी जोसरनी हिच्या बारशाला पुष्य सांगितलं होतं, कागद घर बदलताना कुठं गेला कोण जाणे. शेषगिरी हसला होता. माणूस विसरतो अक्का, मशीन विसरत नाही, असं म्हणाला होता. अक्काने मान हलवली. भावावर तिचा फार विश्वास.

त्यानंतर आणखी सात स्थळं आली आणि गेली. कुणी कारण सांगितलं, कुणी नाही. हरिप्रिया दर नकाराच्या दिवशी केस धुवायची, मोगरा माळायची आणि संस्थेत शिकवायला जायची.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरात नातू झाला. कार्तिकेय. इस्पितळात, पहाटे तीनचा जन्म. शेषगिरीने हौसेने पत्रिका काढून दिली, आणि म्हाताऱ्या जोसरनी पंचांग उघडून ती परत पाठवली, नक्षत्र चुकलंय म्हणून. तो मशीनपुढे बसला. पाच मिनिटांत ओळ सापडली. ती घरी जन्मलेल्यांपुरती करायला एक क्षणही लागला नाही, पण आधी निघालेली उत्तरं फायलींत तशीच राहिली. मग त्याने सगळ्या जुन्या फायली चाळल्या, पेन्सिलीने नावं लिहीत गेला. एकसष्ट निघाली. इस्पितळात, उजाडण्याआधी जन्मलेली एकसष्ट माणसं. बाविसावं नाव लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. ते हरिप्रियाचं होतं. तिचं नक्षत्र पुष्य, सगळ्या नक्षत्रांत शुभ मानतात ते.

त्याने कागद फाडला. नावं काही फाटली नाहीत. बाजारात, देवळात, बसमध्ये ती भेटत राहिली. ही घटस्फोट झालेली संगीता, हा अजून एकटाच राहणारा तिचा चुलतभाऊ. कुणाचं काय कशामुळे झालं हे देवालाच ठाऊक. पण समोरून माणूस आला की शेषगिरी मनात आधी त्याची जन्मवेळ आठवायचा, आणि ती उजाडल्यानंतरची निघाली तरच त्याला श्वास यायचा.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. गेल्या वैशाखात ओरत्तनाडूचं स्थळ आलं. नटराज, तिथल्या सरकारी कचेरीत नोकरी, छत्तीस वर्षांचा, कमी बोलणारा, हरिप्रियाच्या थट्टेला मनापासून हसणारा. ती चार दिवस घरात गुणगुणत होती. त्याच्या आईने पत्रिका मागितली. अक्काने निरोप धाडला, जुना कागद मळलाय, नवा छापून दे. शेषगिरीने छापला. पुष्य. हा दिला तर अक्का विचारणार, मग ते सात वर्षांचं काय? मग तिरुवैयारूचं काय? त्याने तो कागद घडी घालून चुलीत सरकवला, आणि जुन्याची झेरॉक्स काढून धाडून दिली. आठ दिवसांनी नकार आला. त्या दिवशी हरिप्रियाने केस धुतले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत तो वादिराजला गाठायला गेला. व्यासपीठामागे तो तरुण केळीच्या पानावर दहीभात खात होता. शेषगिरीने अडखळत इंग्रजीत विनवलं, की माझा प्रोग्रॅम दाखवू नका, तो जुना आहे, साधा आहे, दुसऱ्या कुणाचा तरी घ्या. वादिराज उठून उभाच राहिला. त्याला ते मोठ्या माणसाचं मोठेपण वाटलं. आमच्या आजोबांसारखे आहात सर, स्वतःचं काही सांगायचंच नाही, असं म्हणून त्याने डावा हात छातीवर ठेवला. शेषगिरी नमस्कार करून मागे फिरला.

तो परत आला तेव्हा हरिप्रियाने त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. तिच्याशी बोलायचं असं तो मनाशी ठरवून आला होता. आत्ता. सांबाराचा वास येतोय, माणसं हसतायत, अशा उजेडात सांगितलेलं बरं. पण तीच बोलत होती. सीडीवर नाव कसं छापतील, अक्काला काय सांगायचं, अम्मा असती तर तिने दृष्ट कशी काढली असती. त्याने भाताचा एक घास केला, तो मोडला, पुन्हा केला. घंटा झाली. ताट तसंच राहिलं.

हॉलमधले दिवे मंदावले. पडद्यावर त्याचा प्रोग्रॅम उभा राहिला, मोठा, भिंतीएवढा. स्वतःचं अक्षर कुणी रस्त्यावर लिहून ठेवावं तसं त्याला झालं. वादिराजने त्याचं नाव घेतलं, सगळ्यांनी वळून पाहिलं, हरिप्रियाने त्याचा हात धरून वर केला. मग नावं सरकू लागली. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. जुळलं, जुळलं, जुळलं. पुढच्या रांगेत कुणी तरी वाहवा म्हणालं.

मग लाल.

एक. थोड्या वेळाने दुसरं. मग लागोपाठ दोन. शेषगिरी पडद्याकडे पाहत नव्हता. त्याला नावं पाठ होती. लाल कधी येणार हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कुणी तरी तमिळमध्ये विचारलं की का हो, लोकांची नक्षत्रं बदलून देता का, आम्हालाही एक द्या. मोठा हशा झाला. वादिराजने नावं थांबवली. घसा खाकरून म्हणाला की जुन्या प्रोग्रॅममध्ये अशा चुका राहून जातात, लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाहीत, आणि नेमकी तीच आपली नवी आवृत्ती शोधून काढते.

हरिप्रिया उभी राहिली.

ती इंग्रजीत म्हणाली की हा प्रोग्रॅम आठ वर्षं चालू आहे, या गावातली शेकडो लग्नं त्याच्या कागदावर जुळली आहेत. चूक त्यात नाही, तुमच्या नव्या मालात आहे. खात्री करायची असेल तर एच उघडा. हरिप्रिया. ती मी.

पडद्यावर तिचं नाव आलं. जन्म पहाटे चार चाळीस. डावीकडे आश्लेषा. उजवीकडे लाल अक्षरांत पुष्य.

"ही माझी पत्रिका आहे," ती म्हणाली. "मला ती तुमच्या यंत्रापेक्षा चांगली ठाऊक आहे. माझं नक्षत्र आश्लेषा."

तीनशे माणसांसमोर एक बाई स्वतःचं आश्लेषा नक्षत्र उघड सांगते, याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. वादिराजचे कान लाल झाले. त्याने कागदावर काही तरी टिपलं आणि नम्रपणे कबूल केलं की बाईंची स्वतःचीच पत्रिका आहे म्हणजे प्रश्नच मिटला; माहिती नव्या आवृत्तीत उतरवताना आमच्याकडून काही तरी घसरत असावं, बंगळूरला कळवतो. सुब्रमण्यमने पुढच्या रांगेतून वळून अंगठा वर केला. कुणी तरी टाळी वाजवली, मग अनेकांनी.

झालं. शेषगिरीला वाटलं, झालं, मिटलं. एकसष्ट लाल ओळी आता बंगळूरच्या नावावर. कपाट बंद, किल्ली खिशात, अक्का घरी, सगळं जागच्या जागी. दोन वर्षं छातीवर बसलेलं भय उठून दाराबाहेर गेलं, आणि त्याने पाहिलं की ते एकटं गेलं नाही. ते जाताना त्या मुलीला हाताला धरून घेऊन गेलं. आता ती कायमची आश्लेषेची. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, साक्षीदारांसमोर, त्याच्यासाठी. भय नुसतं असतं तर बरं होतं. आता जे वाटत होतं त्याला त्याच्याजवळ नावच नव्हतं, आणि ते भयाहून मोठं होतं.

हरिप्रिया खाली बसली. पदराने गळा टिपला, त्याच्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली,

"पुष्य म्हणे. यंत्रालाही माझी दया आली, मामा."

ती हसली. त्या हसण्यात कुठं तरी, अगदी तळाशी, पडद्यावरचं ते लाल अक्षर तिने एक क्षण खरं मानून पाहिलं होतं. शेषगिरीला ते दिसलं. मांडीवर खेळवलेल्या मुलीचं हसणं, त्याला कसं दिसणार नाही.

व्यासपीठावरून वादिराज म्हणाला की वाद संपवण्याआधी स्वतः लेखकांकडूनच ऐकू या. सर, एका शब्दात सांगा, डावं खरं की उजवं? माइक रांगेतून हातोहात निघाला. एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. काळा, जड, लांब वायर मागे ओढत. तो येईपर्यंत शेषगिरीने नफातोटा मोजला नाही, देव आठवला नाही. फक्त 'डावं' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तीन अक्षरांचाही नव्हता. हरिप्रियाने माइक घेतला आणि आपल्या हाताने त्याच्या ओंजळीत ठेवला.

तो उभा राहिला. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. व्यासपीठाकडे त्याने पाहिलंच नाही. तो भाचीकडे वळला, आणि घरातल्या भाषेत बोलला. माइकने ते बोल छताच्या चारी कोपऱ्यांत नेऊन ठेवले. हॉलमधल्या तीनशे माणसांनी ते ऐकले, आणि एकटीला कळले.

"हरी, यंत्र बरोबर सांगूलालं. तू पुष्याची आहेस. चूक माझी होती, सगळी माझी. दोन वर्षांमागंच मला ती सापडली. आणि ओरत्तनाडूच्या माणसांना जुना कागद मी जाणूनबुजून दिला."